रेणुकाचा अर्धा तास

५ जाने.
सौरवादळावर तास घ्यायचाय म्हणून रेणुकाच्या जुन्या फाईल काढल्या. पीएच.डी.ला माझी एकुलती एक विद्यार्थिनी. चार वर्षं हात लावला नव्हता. सूर्यावर ज्वाळा उसळली की तिथले इलेक्ट्रॉन लगेच सुसाट सुटतात. तिच्या काही आलेखांत ते अर्धा तास उशिरा निघालेले. उपग्रहाची फाईल भारतीय वेळेत, ज्वाळेची नोंद जागतिक वेळेत. "साडेपाचऐवजी पाचच तास वजा केलेस," असं मी सगळ्यांदेखत सुनावलं होतं. ते प्रकरण प्रबंधातून काढायलाही लावलं.

७ जाने.
वजाबाकी स्वतः केली. दोनदा. तिची बरोबर आहे.
उशीर फक्त तिथेच, जिथे ज्वाळेबरोबर सूर्याने वायूचा प्रचंड ढगही फेकला. ढगापुढे धक्क्याची लाट धावते, ती कणांना रेटत रेटत वेग देते, त्याला वेळ लागतो. पोरगी तेव्हा म्हणाली होती, "मॅडम, वजाबाकी चुकली असती तर समदेच उशिरा आले असते की." मी म्हटलं, उलट बोलू नकोस.
गाढव मी.

९ जाने.
ह्यांना वजाबाकीचं सांगितलं. हे म्हणाले, "फोन कर, माफी माग, विषय संपव." संपतोय कसला! ह्यांना पत्राचं माहीत नाही. तिने पुढच्या संशोधनासाठी एका संस्थेत अर्ज केला तेव्हा शिफारसपत्रात मी लिहिलं, मोजमापात निष्काळजी. जागा गेली. पत्रं गोपनीय असतात, त्यामुळे तिला आजवर पत्ता नाही.

१२ जाने.
एसटीने मंगळवेढा. रेणुका तिथे ज्युनिअर कॉलेजात शिकवते. तिच्या आईने हुरडा नि लसणाची चटणी पुढे केली. ताटली बाजूला ठेवली. सांगून टाकलं, तुझा अर्धा तास खरा होता. ती हसली.
"वाटलं हुतं मला. पर तुमी म्हणल्यावर माझाच माझ्यावर इश्वास राहिला न्हाय."
पत्राचं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात म्हणते, "तुमचं पत्र हुतं म्हणून मुलाखतीला तरी बोलावलं त्येंनी. न्हायतर आमा मेंढरंवाल्यांना कोण इचारतंय?"
निघताना आईने माझी ओटी भरली. भरून घेतली आणि गप परत आले. फार लाज वाटतेय.

१३ जाने.
कॉलेज. तास झाला. बरा. रेणुकाचं नाव घेऊन शिकवलं. मोठे उपकार केले!

१९ जाने.
तिचा मेसेज. त्याच संस्थेत पुन्हा जागा निघालीय. "मॅडम, मागच्यासारखंच पत्र द्याल का?"
उत्तर द्यायला सहा तास लागले. "हो" एवढंच.

२१ जाने.
पत्र लिहिलं. मागे निष्काळजी म्हटलं ते माझं चुकलं, तिची मोजणी अचूक होती, असं सरळ. संस्थेला पाठवलं. मग सुचलं, हेही पत्र गोपनीयच. तिचं काम होईल आणि माझं पाप तिला कधी कळणार नाही. केवढं हलकं वाटलं! त्याचीच किळस आली.
तिला पाठवायला मेसेजला प्रत जोडून ठेवलीय. बोट काही पुढे जात...
तिचाच फोन आला. "धाडलं का मॅडम?"
म्हटलं, धाडलं. तुलाही प्रत पाठवते, वाच.
"मला कशाला? तुमी माझ्याबद्दल काय लिवणार, मला ठाव न्हाय व्हय?"