‘नवा गुडघा’ कोण?

२ जुलै, सोमवार
ताजी माहिती: मी अंतिम दोघांत. दुजोरा: खुद्द बेंतांकोर, आमच्या पैसांदू शहरातल्या दैनिकाचा पुरवणी-संपादक. बस टर्मिनलवर माझ्याच खिडकीतून तिकीट घेताना म्हणाला.

सविस्तर: रविवार पुरवणीत व्हिडिओ गेमवर कायमचं सदर येणार. लेखक वाचकांतून निवडायचा. सगळ्यांना एकच गेम दिलाय, ‘तराफा’. तो खेळायचा आणि दैनिकाच्या वेबसाइटवर मत टाकायचं. टोपणनाव चालतं. माझं ‘गरुडदृष्टी’.

समोर उरलाय कोणी ‘नवा गुडघा’. हे काय नाव झालं? बहुतेक ऑपरेशन झालेला फुटबॉलपटू. पंचविशीचा, रिकामटेकडा, दिवसभर घरी. अशांचं मला आव्हान वाटत नाही.

संकल्प: रोज एक मत. आणि या वेळी कोणावरही उगाच संशय घ्यायचा नाही.

४ जुलै
टर्मिनलच्या साहेबांनी बोलावून सुपरवायझर हो म्हणून सांगितलं. मी नम्रपणे नकार दिला. म्हटलं, वृत्तपत्रात जातोय. साहेब म्हणाले, पेपर टाकायला का? शेजारच्या खिडकीतला हेबेर फार हसला. हेबेरला हसायला एवढा वेळ कसा मिळतो, हे नोंदवून ठेवलंय.

मारिएलाला हे आज सांगायचं नाही. बायकोला बातमी छापून आल्यावरच द्यावी.

५ जुलै
मारिएलाला कळलं. हेबेरच्या बायकोकडून. मारिएला म्हणाली, अरे विल्मार, लोक आधी एक खुर्ची धरतात, मग दुसरी सोडतात. तू उभ्यानेच दोन्ही सोडल्यास. सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या, असू दे गं, जावईबापूंना उभंच राहायला आवडतं.

सासूबाई, म्हणजे एलिदा, एप्रिलपासून आमच्याकडे आहेत. पाय बरा होईपर्यंत, असं ठरलं होतं. गरम पाण्याचा थर्मास, येर्बाचा, म्हणजे आमच्या कडू पाल्याच्या चहाचा, तुंबा आणि त्या, असा सोफा भरलेला असतो. मी कामावरून आलो की तुंबा पुढे करतात. मी तुंब्यातल्या नळीला एकदाच तोंड लावतो, ‘आभार’ म्हणून परत देतो आणि उठतो. आभार म्हटलं की पुरे झालं, पुढचा तुंबा नको. एवढी सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली म्हणून जावई जगतात.

७ जुलै, शनिवार
गेम संपवला! एका बैठकीत. गुडघ्याला अजून पत्ताही नसेल.

कथा: आम्पारो नावाची बाई बऱ्याच वर्षांनी नदीकाठच्या गावी परत येते. तिचा भाऊ पुरात तराफ्यासकट नाहीसा झालेला. काय झालं ते तिने शोधायचं. म्हणजे मी शोधायचं. मी पद्धतशीर गेलो. शिक्षिकेवर आरोप केला. पाद्रीवर आरोप केला. दुकानदारिणीवर दोनदा केला, कारण ती पहिल्यांदा रडली. काठावरच्या झोपडीत सिक्स्तो नावाचा म्हातारा नावाडी येर्बा देतो. बटणं दोनच: ‘घे’ आणि ‘आभार मान’. अनोळखी म्हातारा, अंधारी झोपडी, हातात पेय. मी काय दुधखुळा आहे? शिष्टाचार म्हणून एक घोट घेतला, लगेच आभाराचं बटण दाबलं आणि बाहेर.

शेवटी कोणीच काही बोलेना. आम्पारो रिकाम्या तराफ्यावर बसून निघून गेली. पडद्यावर गेम बनवणाऱ्यांची नावं आली.

मत टाकलं: ‘कथेला भगदाड आहे. रहस्य उलगडतच नाही. गेम नदीपलीकडच्या देशातल्या लोकांनी बनवलेला दिसतो. अर्धवट माल आपल्याकडे पाठवायची त्यांची खोड जुनी आहे. एक तारा.’

९ जुलै
नव्या गुडघ्याचं मत आलं. शब्दशः: ‘झोपडीत घाई करू नका. म्हाताऱ्याला बोलायला वेळ लागतो. त्याच्याकडे बसायला कोणी येत नाही.’ बस, एवढंच! पाच तारे!

खाली लोकांचे प्रतिसाद. ‘डोळ्यांत पाणी आलं.’ ‘आमच्या आजोबांची आठवण झाली.’ हे सगळे एकाच माणसाने लिहिलेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझ्या मताखाली एकच प्रतिसाद: ‘दादा, झोपा.’

१० जुलै
गंभीर. कंट्रोलर तेलकट लागतोय.

कालपासून पाऊस. घरी तोर्ता, म्हणजे गव्हाच्या पिठाच्या जाड पुऱ्या, तळल्या होत्या, पावसात तळतातच. पण मी कंट्रोलर धरण्याआधी हात धुतो. निष्कर्ष: कंपनी प्लास्टिकमध्येच तेल घालते, म्हणजे वस्तू लवकर बिघडावी. ग्राहक मंचाकडे जायचं का? आधी सदर मिळू दे.

सासूबाईंना विचारलं, तुम्ही कोणाला टीव्हीजवळ पाहिलंत का? म्हणाल्या, मला कुठे पळता येतंय कोणामागे? खरंच आहे.

११ जुलै
कंट्रोलरची बॅटरी रोज संध्याकाळी संपलेली. सोफ्याच्या फटीत येर्बाचा भुगा. आणि गेममध्ये माझा खेळ जिथे साठवलाय, त्या नोंदीखाली दुसरी नोंद: ‘ए’.

‘ए’ कोण? विचार केला. एक्स्ट्रा? एरर? इंटरनेटवर पाहिलं, काही कळलं नाही. बहुधा कंपनीचा माणूस रात्रंदिवस माझ्या कन्सोलमध्ये शिरतो आणि मी कसा खेळतो ते बघतो. कारण उघड आहे: माझ्या एका ताऱ्याने त्यांची झोप उडाली.

‘ए’ उघडून पाहणार होतो. पण सापळाही असू शकतो. नाही उघडली.

१२ जुलै
हेबेरवर संशय. त्याचं कारण असं: त्याने सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज केलाय आणि तो मला रोज विचारतो, काय रे गरुडा, दिसतंय का काही? दुपारी बाहेर जाऊन येतो. विचारलं तर म्हणे दातांच्या डॉक्टरकडे. मी म्हटलं, तोंड उघड. त्याने उघडलं. एक दात खरंच नव्हता. तरी पुराव्याने समाधान होत नाही.

१३ जुलै
सापळा. कामावर जाण्याआधी कंट्रोलरवर गव्हाच्या पिठाचा पातळ थर दिला. बोटांचे ठसे मिळवायचे. मग हेबेरचा ग्लास आणून जुळवायचे.

त्याच दिवशी, संध्याकाळ
पीठ गायब. कंट्रोलर लख्ख पुसलेला. टेबलावर गरम तोर्ता. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, पीठ डब्यात ठेवायचं असतं. मारिएला म्हणाली, तुला बरं वाटतंय ना? मी तीन तोर्ता खाल्ल्या. चोर हुशार आहे.

१४ जुलै
गुडघ्याचं नवं मत. लांब आहे. मी नाइलाजाने दोनदा वाचलं.

तो म्हणतो, म्हातारा तुंब्यामागून तुंबा देत राहतो, आपण फक्त घेत राहायचं. तो आधी हवेबद्दल बोलतो, मग माशांबद्दल, मग बायकोबद्दल. शेवटी सांगतो की पुराच्या दिवशी तराफ्याचा दोर त्यानेच कापला. पलीकडे अडकलेली माणसं आणायला आम्पारोचा भाऊ निघाला होता. दोर ठेवला असता तर काठावरचे सगळे ओढले गेले असते. नंतर आम्पारोने काय करायचं ते आपण ठरवायचं. गुडघ्याने लिहिलंय: ‘मी तुंबा पुन्हा पुढे केला. दुसरं काही सुचलं नाही.’

हे माझ्या गेममध्ये नाही! शपथेवर सांगतो. दोर नाही, बायको नाही, मासे तर मुळीच नाहीत. म्हणजे कंपनीने गुडघ्याला वेगळी, खास प्रत पाठवलीय. बेंतांकोरला कळवलं पाहिजे.

दुसऱ्यांदा वाचताना हातातली तोर्ता गार झाली. हवेमुळे असेल.

१६ जुलै
बेंतांकोरला फोन केला. तो म्हणाला, प्रत एकच आहे, विल्मार, तू म्हाताऱ्याजवळ बसलास का? म्हटलं, कशाला बसू? त्याने सुस्कारा सोडला. संपादकांवर कामाचा फार ताण असतो.

१८ जुलै
आमच्या देशाच्या राज्यघटना दिनाची सुट्टी. दिवसभर सोफ्यावर मी, कंट्रोलर हातात, डोळे चौफेर. सासूबाईंना खुर्चीत बसवलं. त्या अस्वस्थ. दोनतीनदा म्हणाल्या, आज बाहेर नाही जायचं का तुला? हवा छान आहे. मी म्हटलं, पहारा आहे. त्या म्हणाल्या, कोणावर? म्हटलं, ते तुम्हाला नाही कळायचं, आई.

महत्त्वाचं: नवा गुडघा आज दिवसभर गप्प. एक शब्द नाही. निष्कर्ष: घाबरला. माझा पहारा त्याला कुठून तरी दिसत असणार. शेजाऱ्यांच्या खिडकीवर लक्ष ठेवायला हवं.

संध्याकाळी पाय मोकळे करायला नदीवर गेलो. तासाभराने आलो तर गुडघ्याचं मत आलेलं! मी निघाल्याची खबर त्याला कोणी दिली?

१९ जुलै, गुरुवार
जिंकलो!!!

दुजोरा: बेंतांकोर, प्रत्यक्ष, माझ्या खिडकीत. म्हणाला, शाळेच्या कोपऱ्यावरचं निळ्या दाराचं घर, तेच ना तुमचं? म्हटलं, तेच. म्हणाला, मग शनिवारी सकाळी फोटोग्राफर पाठवतो, सदराबरोबर फोटो छापायचाय. अभिनंदन, घरात असं माणूस असणं म्हणजे नशीब. मोठे लोक स्तुती अशी आडवळणाने करतात. मी मान झुकवली.

हेबेरला सांगितलं. त्याला आजच सुपरवायझर केलंय, त्यामुळे हसायला त्याला वेळ नव्हता. मला वाईट वाटलं त्याचं.

घरी सांगितलं. मारिएलाने आईकडे पाहिलं. आईने थर्मासकडे. ‘तू सांग’, ‘नाही, तू सांग’ असं काहीतरी कुजबुजल्या. आनंद पचवायला बायकांना वेळ लागतो.

२० जुलै
नवा शर्ट. दाढी केली. आरशात चिंतनशील चेहरा जमवला: हनुवटी हातावर, नजर नदीकडे. नदी आमच्या घरातून दिसत नाही. वाचकांना काय कळतंय.

२१ जुलै, शनिवार
ताजी माहिती, दुजोरा अनेकांकडून:

फोटोग्राफर आला. मी हनुवटी हातावर ठेवली. तो म्हणाला, साहेब, जरा बाजूला होता का, प्रकाश अडतोय. आणि एलिदाबाईंना नमस्कार करून म्हणाला, बाई, मी तुमच्यामुळे त्या झोपडीत परत गेलो. माझे वडील नावाडी होते. सासूबाईंनी त्याला तुंबा दिला. त्याने घेतला. मग पुन्हा एक घेतला. कॅमेरा बराच वेळ पिशवीतच.

नवा गुडघा सोफ्यावर होता. एप्रिलपासून. स्टीलचा आहे. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात मीच बसलो होतो, म्हणजे बसायला सांगितलं होतं, मी बाहेर फिरत होतो.

मी म्हटलं, तुम्ही मला सांगितलं का नाही? सासूबाई म्हणाल्या, कधी सांगू? रोज तुंबा देते. एक घोट घेतोस, आभार म्हणतोस आणि उठतोस. म्हाताऱ्यालाही तेच म्हणालास ना? त्याने तरी मग तुला काय सांगावं?

मी म्हटलं, मला वाटलं विष असेल. मारिएला एवढी हसली की तिला भिंत धरावी लागली. सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, माझ्या तुंब्यातही वाटलं होतं का? मी पुढे होऊन थर्मास धरला. प्रश्न अडचणीचा होता.

फोटोत मी आहे. उजव्या कडेला, थर्मास धरलेला हात. कोपरापर्यंत.

अपेक्षित घडामोडी: उद्या पुरवणी. सोमवारी टर्मिनलवर सुपरवायझर हेबेर. तोंड उघड म्हणेल, असा दाट संशय आहे.

आणि उद्या संध्याकाळी सोफ्यावर मी आणि सासूबाई. ‘तराफा’ पहिल्यापासून, सरळ झोपडीत. कंट्रोलर मी धरायचा, थर्मास त्या. मी विचारलं, किती वेळ बसावं लागेल? त्या म्हणाल्या, पाणी संपेपर्यंत. आणि जावईबापू, काही झालं तरी आभार मानू नकोस.