पिंपात बुडवलेल्या काडतूसपेट्या

अण्णा, तुम्हाला जाऊन आता तीस वर्षं होतील, आणि आज कागद घेऊन बसले आहे ती तुमच्या काडतूसपेट्यांबद्दल बोलायला. जुन्या पलटणींतले शिपाई कमरपट्ट्याला लावायचे त्या चार चामडी पेट्या, तुम्ही चोर बाजारातून एकेक हुडकून आणलेल्या. रविवारी त्यांना मेण चोळत बसायचात आणि आई म्हणायची, पोरीच्या केसांना कधी इतकं मन लावून तेल चोळलं नाहीत. बाहेर संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरगाव पेटलेलं, पण तुमचं एकच: आपण नोकरदार माणसं, मोर्च्याबिर्च्यात आपलं काय काम.

त्या दुपारी तुम्ही कचेरीत, आई माटुंग्याला मावशीकडे. फणसवाडीत दगडफेक झाली, अश्रुधूर सुटला आणि पोलीस आपल्या चाळीत झडतीला शिरले. शेजारी ट्रंका उपड्या केल्याचा आवाज येतोय. मी एकोणीस वर्षांची घोडी, पण घरात एकटी. पेट्या सापडल्या तर त्या रिकाम्या आहेत हे कोण ऐकून घेणार? तुमची नोकरी गेलीच म्हणून समजा. मला सुचलं ते मोरीतलं पिंप. चारही पेट्या पाण्यात दाबल्या, तरंगायला लागल्या म्हणून वर खलबत्ता ठेवला.

हवालदार एकटाच आत आला. डोळे लालबुंद, त्यांचाच धूर त्याला लागलेला. कपाट उघडायचं सोडून म्हणाला, “ताई, डोळ्यांवर मारायला पाणी द्या जरा,” आणि सरळ पिंपाकडे वळला. मी मध्ये घुसले, वरच्यावर तांब्या बुडवला. पाणी चहासारखं तांबूस. त्याने ओंजळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आमच्या वरळीलाही असंच गढूळ येतं,” म्हणाला, तोंड धुतलं आणि गेला.

तुम्ही यायच्या आत वाळाव्यात म्हणून मी पेट्या पेटत्या स्टोव्हजवळ मांडल्या. तिथेच माती खाल्ली. चामडं आक्रसलं, तडकलं. तुम्ही दारातच थबकलात.

“कुणी केलं हे?”

“पोलिसांनी.”

तुम्ही जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी कचेरीऐवजी मोर्च्यात गेलात आणि तिथून तुरुंगात. जी नोकरी वाचवायला मी धडपडले, ती माझ्याच एका शब्दाने गेली. आईने पुढे दोन वर्षं लोकांचे कपडे शिवले. सुटून आलात तेव्हा वाडीने हार घातले. पोलिसांनी पेट्यांची कशी वाट लावली ते तुम्ही येईल त्याला सांगायचात आणि मी शेजारी उभी राहून मान हलवायचे.

हे पत्र कुठे टाकणार? घडी घालून ठेवीन. भीतीने गप्प बसले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तेही खोटं, अण्णा. तुरुंगात गेलेल्या माणसाची मुलगी म्हणून कॉलेजात मुली मला सरकून जागा द्यायच्या. मला ते फार आवडायचं.