पेरूंच्या कुंच्या

१ ऑगस्ट
नवी डायरी. कागद चांगला आहे. अक्षर अजून कॉन्व्हेंटमधलंच, बघून बरं वाटलं.
काल हितेंद्र जळगावहून, त्यांच्या मेहरूणच्या घरून, येऊन गेला. म्हणाला, आई, हा एक बहार बघू. व्यापाऱ्याने माल उचलला तर तू खुशाल इथे राहा. नाही उचलला तर बाग अभिमनकाकांना करायला देऊ आणि तू जळगावला आमच्याकडे चल. खोली तयार आहे, फक्त तिच्यात ट्रेडमिल आहे, ते भिंतीकडे सरकवू. मी नुसती हसले. ह्यांनी लावलेली बाग सोडून मी ट्रेडमिलशेजारी झोपणार नाही. पेरू लिंबाएवढे झालेत. अख्ख्या चोपडा तालुक्यात असे पेरू नाहीत.
संकल्प: लवकर उठणे. मजुरांवर आवाज न चढवणे, माया करणे. फळमाशीचा नायनाट, पण प्रेमाने.

२ ऑगस्ट. उठायला उशीर
हितेंद्र फळमाशीचे सापळे ठेवून गेलाय. माहिती वाचली. नर माशीला वासाने आत बोलवायचं आणि आत कोणीच नसतं. किती नीच प्रकार! सगळे सापळे दिरांकडे, अभिमनभाऊजींकडे, पाठवून दिले. त्यांची बाग बांधाला लागूनच आहे. ते खूश झाले. काही माणसांना फसवणुकीचं काही वाटत नाही.

४ ऑगस्ट
भाऊजींच्या बागेत एकेका पेरूला फोमची जाळी आणि वर प्लॅस्टिकची पिशवी चढवणं सुरू. माशीने डंख मारू नये म्हणून. बांधावरून मला ओरडून म्हणाले, वहिनी, याच आठवड्यात घालून घ्या, नंतर उपयोग नाही. भाऊजींना कायम घाई. आमच्या लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आत पंगतीत जाऊन बसले होते.
प्लॅस्टिकमध्ये पेरू गुदमरत नसतील का?
दुपारी पडल्या पडल्या सुचलं. कुंच्या! हितेंद्र तान्हा असताना शिवली होती तशा. मऊ कापड, वर गोल, खाली नाडी. कापड भरपूर आहे: ह्यांचे सदरे, माझे पेटीकोट, जुने पडदे. कोणाला सुचलं नाही ते मला सुचलं.

६ ऑगस्ट
पहिली कुंची झाली. गुलाबी, काठाला क्रॉस-स्टिच. माप आठवणीने घेतलं, त्यामुळे हितेंद्रच्या डोक्याची झाली. तरी चौथ्या ओळीतल्या पहिल्या झाडाला, ह्यांच्या लाडक्या, बांधली. आत दोन पेरू मावले. जुळी.
सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून बायका कामाला येतात, त्यांच्यात गुंताबाई मोठी. तिने बघितलं आणि पदर तोंडाला लावला. म्हणाली, पेरूले कुंची घाली का वं माय? मंग बारसं कधी शे? बाकीच्या तर हसून खालीच बसल्या. वातावरण आनंदी. मजूर आनंदी तर बाग आनंदी.
गुंताबाईचा नवरा तेरसिंग मुकादम आहे. त्याला विचारलं, कल्पना कशी वाटते. म्हणाला, तुमी म्हंता ते खरं. मोजकं बोलतो, पण पारखी माणूस.

११ ऑगस्ट
गोठ्याच्या सावलीत शिवणाचा वर्ग सुरू. बायका निंदणी टाकून धावत आल्या. भाऊजी म्हणाले, ऊन टळतं म्हणून आल्या, वहिनी. भाऊजींना कलेतलं काही कळत नाही.
कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या तासाला सिस्टर फिलोमिना आमच्या बोटांवर फुटपट्टी मारायच्या. मी मारणार नाही. फक्त जवळ ठेवणार.

१९ ऑगस्ट
गुंताबाईचे टाके वाकडे. सगळ्या कुंच्या उसवायला लावल्या. ती म्हणाली, पेरू काय आरसामा बघस का? विनोद ऐकून घेतला आणि पुन्हा उसवायला लावलं. आवाज चढवला नाही. फुटपट्टी आपटली.
संध्याकाळी बागेतून चक्कर. बऱ्याच पेरूंवर एकेक बारीक काळा ठिपका दिसला. दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या गालावर तीट लावतात ना, अगदी तसा. निसर्गाला केवढी काळजी! डोळे भरून आले.

२ सप्टेंबर
कुंच्या अजून निम्म्याच झाल्यात. क्रॉस-स्टिचला वेळ लागतो. चांगल्या गोष्टीला लागतोच.
भाऊजींची बाग केव्हाच गुंडाळून झाली. म्हणाले, वहिनी, तुमच्याकडच्या माश्यांनी माझे सापळे भरले. चार परत देऊ का? नको म्हटलं. दिलेलं परत घेण्याची आमच्या घरी रीत नाही. शिवाय माझ्या माश्या त्यांच्याकडे जात असतील तर चांगलंच आहे.
तेरसिंगला विचारलं, फवारणी लागेल का. म्हणाला, तुमी म्हंता ते खरं. मी काही म्हटलंच नव्हतं. तरी नको, असा अर्थ घेतला.

१७ सप्टेंबर
शेवटची कुंची चढली! बाग म्हणजे बालवाडी दिसते आहे. पावसाने ह्यांच्या निळ्या सदऱ्याचा रंग उतरला आणि चौथ्या ओळीतले पेरू जरा निळसर झाले. वेगळे उठून दिसतात. हितेंद्रला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला. भावना व्यक्त करता येत नाहीत त्याला, वडिलांवर गेलाय.

४ ऑक्टोबर
गळ सुरू. हे नैसर्गिक आहे. अशक्त फळ झाड स्वतःच टाकतं, उरतं ते उत्तम. सकाळी आणखी बरंच अशक्त पडलं होतं.
पडलेले पेरू बायकांना चहाऐवजी वाटले. साखर तब्येतीला वाईट. त्यांनी निमूट ओटीत घेतले आणि बांधाशी बांधलेल्या शेळ्यांपुढे टाकले. शेळ्यांनी हुंगून तोंड फिरवलं. शेळ्यांना शिस्त नाही.

४ नोव्हेंबर
आज मन दुखावलं. सकाळी थंडी होती. गुंताबाईच्या मुलीचं बाळ झाडाखाली झोळीत, आणि त्याच्या डोक्यावर माझी गुलाबी कुंची! चौथ्या ओळीतली! जुळी तिकडे उघडी लोंबत होती. गुंताबाईला जाब विचारला तर म्हणते, आमना नातूले थंडी वाजस. तुमना पेरूले वाजस का?
मी शांतपणे समजावलं की प्रश्न थंडीचा नाही, शिस्तीचा आहे. आज एक गेली, उद्या दहा जातील. मग नाडी सोडून कुंची काढून घेतली. बाळ रडलं. पेरू रडत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण आहे.
कुंची धुऊन, वाळवून पुन्हा झाडाला बांधली. गुंताबाई दिवसभर माझ्याकडे पाठ करून निंदत होती. ओशाळली असावी.

५ नोव्हेंबर
कोणी कामाला आलं नाही. बहुतेक त्यांचा सण असेल.

६ नोव्हेंबर
आजही नाही. मोठा सण दिसतोय.

९ नोव्हेंबर
बांधापलीकडून गुंताबाईचा आवाज आला. सगळ्या भाऊजींच्या बागेत तोडणीला लागल्यात. मला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नसणार. बाळाच्या डोक्याला कसलंसं फडकं गुंडाळलेलं दिसलं. काठसुद्धा दुमडलेला नव्हता.
तेरसिंगला बांधावर गाठलं. विचारलं, माझ्याकडे कधी येणार? म्हणाला, तुमी म्हंता ते खरं. म्हणजे येणार.

१२ नोव्हेंबर
आज निकालाचा दिवस. चोपड्याचे व्यापारी कौतिक आबा माल बघायला आले. हितेंद्रही आला. मी मोत्यांची माळ घातली.
आबांना थेट चौथ्या ओळीत नेलं. म्हटलं, सुरुवात ह्यांच्या लाडक्या झाडापासून करा. त्यांनी गुलाबी कुंचीची नाडी सोडली, जुळ्यांतला एक पेरू हातात घेतला आणि अंगठ्याने दाबला. अंगठा आत गेला. आत पांढऱ्या अळ्या. त्या उडीसुद्धा मारतात, हे मला माहीत नव्हतं. एक आबांच्या सदऱ्यावर उडाली.
म्हटलं, एखादा नासका निघतोच. त्यांनी दुसरी कुंची सोडली. मग तिसरी. मग पुढच्या ओळीतली. एकेक नाडी ते सावकाश सोडत होते, त्यामुळे वेळ लागला. बांधापलीकडे तोडणी थांबली. बायका ओळीने उभ्या राहून बघत होत्या.
शेवटी आबा रुमालाला अंगठा पुसत म्हणाले, वहिनी, शिलाई एक नंबर शे. पन मी पेरू ईकस, अळ्या नही.
पलीकडून गुंताबाई ओरडली, आबा, बारसाले उनात का? बारशाला आलात का म्हणे!
बायका हसल्या. तेरसिंग हसला. आबाही हसले. हितेंद्र हसला आणि मग त्याने खोकला काढला.
भाऊजींच्या मालाचा टेम्पो भरून गेला. मी दार लावून घेतलं. माळ तुटली. मोती निकृष्ट होते.

१५ नोव्हेंबर
बाग भाऊजींकडे दिली. निर्णय माझाच. खेड्यातली हवा मला पहिल्यापासून मानवत नव्हती. निघताना बायका भेटायला आल्या नाहीत. निरोप घेणं त्यांना झेपलं नसतं. गाडीतून हात हलवला. गुंताबाईनेही हात वर केला होता. फांदीवरचा पेरू तोडत होती.

३० नोव्हेंबर. मेहरूण
ट्रेडमिल जड आहे, सरकत नाही. माझी कॉट सरकवली.
हितेंद्र बागेत जाऊन आला. येताना कुंच्यांचं गाठोडं आणलं. भाऊजींनी विचारायला सांगितलं होतं, जाळून टाकू का. सूनबाईने त्यातल्या चार काढून नेल्या, ट्रेडमिल पुसायला. म्हणाली, कापड मऊ आहे. इतक्या महिन्यांतली पहिली प्रामाणिक दाद. भाऊजींनी पेरूंची पेटीही पाठवली होती. फोम, प्लॅस्टिक, सगळं. चवीला काही विशेष नाहीत. दोन खाल्ले. मग आणखी एक.
दुपारी मेहरूणच्या तलावाकडून गार वारा सुटला. कानाला बोचला. गाठोड्यातून गुलाबी कुंची काढून डोक्याला लावून बघितली. कपाळाच्या वरच राहते. नाड्या हनुवटीखाली पोचत नाहीत, दोन्ही हातांनी ओढून धरून बसावं लागतं. टाके मात्र अजून सरळ आहेत.
तेवढ्यात सूनबाई दार न वाजवता आत आली. ट्रेडमिलवर चढली, पण बटण दाबलं नाही. थोडा वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. मग उतरली आणि दार हळूच ओढून घेऊन गेली.
मी कान देऊन ऐकलं. बाहेर कोणी हसलं नाही.