दोन पॉवर सप्लायचा कॉम्प्युटर

केडगाव (ता. दौंड),
१४ मे २००३

तीर्थरूप बिरदेवमामा यांसी,

सुषमाचा वाकून नमस्कार. (वाकले ते एवढ्यापुरतंच. पुढचं पत्र ताठ मानेनं लिहिलंय.) आमच्याकडे सगळे मजेत. तुमचा गुडघा कसा आहे? मामींना सांगा, शेवया मिळाल्या.

तर मामा, जोडले. एकाच कॉम्प्युटरला दोन पॉवर सप्लाय (आतले वीज पुरवणारे डबे) जोडले, आणि घर जागेवर आहे. तुम्ही शिक्रापूरच्या कंपनीत बावीस वर्षं इलेक्ट्रिशियन, म्हणून आधी फोन करून तुम्हालाच विचारलं होतं. तुम्ही काय म्हणालात? "येडी का खुळी तू? एका गाडीला दोन इंजिनं असत्यात व्हय?" मामा, मी स्टेशनासमोर राहते. दौंडकडे जाणाऱ्या मालगाड्या रोज बघते. असतात.

हौस म्हणून केलं नाही. लग्नाच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेऊन त्यांच्या सीड्या करून देणं हा माझा धंदा (तुमच्या मते हा धंदाच नव्हे, तरी चालतो). आमच्या गावातल्या पोपटरावांच्या मुलीचं, नीलमचं लग्न तीन हार्डडिस्कवर मिळून भरलं होतं. सीडी लिहायला घेतली की सप्लायला भार सोसेना आणि कॉम्प्युटर खटकन बंद. असा अकरा वेळा बंद पडला. त्यात शूटिंगवाल्यानं त्याच कॅसेटींवर केंदूरचं एक लग्न भरून टाकलेलं. म्हणजे नीलमचं लग्न आता जगात फक्त माझ्या टेबलावर शिल्लक, आणि पोपटराव रोज सकाळी दारात.

मग मी झाकण काढलं. कॉम्प्युटर जुन्या सप्लायवर ठेवला. डिस्का अन् सीडी रायटर दुसऱ्यावर. हा दुसरा आपणहून सुरू होत नाही, त्याची हिरवी वायर काळीला जोडावी लागते. तिथं मी आकडा टाकला. (तारेवरचा नव्हे, मामा. केसातला.) आधी दुसरा सप्लाय सुरू करायचा, मग कॉम्प्युटर, उलट केलं तर डिस्का दिसतच नाहीत. माझे दोन्ही हात वायरींत, म्हणून बटणापाशी सासूबाईंना बसवलं. त्या एरवी मिक्सरलाही भितात.

"दाबू का गं?"

"दाबा."

"आन् काय झालं तर?"

"तर मामा म्हणतील, मी म्हणलो नव्हतो का!"

"मंग दाबतेच," म्हणाल्या, आणि दाबलं.

पंखे फिरले. नीलम पडद्यावर आली, मुंडावळ्यांसकट. सीडी शेवटपर्यंत लिहून होईतो आम्ही दोघी जागच्या हललो नाही. सासूबाईंनी तर बटणाशेजारी टेकवलेलं बोटसुद्धा काढलं नाही. लग्नाच्या चारही सीड्या झाल्या. मला रडू आलं, ते तुम्हाला सांगायची गरज नव्हती, तरी लिहिते.

तुम्ही मोठे, पाया पडेन. पण या बाबतीत तुमचं चुकलं ते चुकलंच.

तुमची भाची,
सुषमा

ता. क. दुसरा सप्लाय कुठून आणला ते लिहायचं राहिलं. जत्रेला तुमच्याकडे आले होते, तेव्हा तुमच्या प्रगतीच्या कॉम्प्युटरमधून काढला. तिथं मागं जे भोक पडलं, त्याला पुठ्ठा लावलाय. तिचा कॉम्प्युटर तीन आठवडे चालू होत नाही म्हणून तुम्ही घरभराचं वायरिंग तपासताय, असं मामींकडून कळलं. वायरिंग चांगलं आहे, मामा.

पुन्हा ता. क. पोपटरावांची समजूत अशी, की जोडणी तुमचीच. "मामा इलेक्ट्रिशियन असल्यावर काय!" असं गावभर सांगतायत. रविवारी शाल-नारळ घेऊन तुमच्या दारात येतील. तेव्हा चारचौघांत सांगायचं, हे सुषमानं केलं. तुम्ही नाही सांगितलंत, तर वायरिंगचं अन् पुठ्ठ्याचं मी सांगते.