हातयंत्रानं कापलेली हिरवळ

मु. अकोला, मंगळवार

वडिलांच्या जागी असलेले शेंदूरजनाघाटचे जानरावभाऊ यांना तुमचे जावई नत्थुजी यांचा दंडवत. (जावई असून आधी दंडवत घालतो, यावरून काय ते ओळखा.) संत्र्याचा बहार कसा आहे? मामंजींचा खोकला थांबला का? गाय व्याली का? इकडे मी खुशाल आहे. (दोन दिवस फुटाण्यांवर, पण खुशाल.)

पत्रास कारण की, लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून आमच्या टेनिस क्लबाचं फटफटणारं गवतयंत्र कोठीत गेलं आणि साहेबांनी हातानं ढकलायचं यंत्र आणलं. दोन चाकं, मधे पात्यांचा रूळ, मागे दांडा. आता भाऊ, आपल्यात बापजाद्यांपासून वखर बैल ओढतात. अवजार ढकलत कोणी गेलेलं तुम्ही पाहिलं आहे का? मीही पहिल्या दिवशी ओढलंच. गवत जसंच्या तसं. मग नीट पाहिलं, तर पाती सगळी पिळलेली! म्हटलं, जहाजातून येताना वाकली बिचारी. वखराची बोथट पास धार लावायला नेतो तसं यंत्र उचलून देवीदास लोहाराकडे नेलं. भल्या माणसानं एकेक पातं ठोकून पट्टीसारखं सरळ करून दिलं. दोघंही खूष झालो. (पाती मुद्दामच पिळलेली असतात, हे क्लबाच्या खानसाम्यानं नंतर सांगितलं. मेल्याला आधी तोंड नव्हतं.) तेव्हापासून ते यंत्र गवत नुसतं विंचरतं.

शनिवारी साहेबांची मेजवानी. हिरवळ कापली नाही तर माझी माळ्याची नोकरी आणि राहायची खोली दोन्ही गेली, असं मला बजावलेलं. मी ओट्यावर बसलेला. तुमची बहीण जमुना म्हणाली, "काहून डोक्याले हात लावून बसले? सरका तिकडं!" तिनं चार बाया आणल्या. विळे घेऊन पाचही जणी शेतात निंदायला बसतात तशा ओळीनं बसल्या आणि दुपारच्या आत हिरवळ अशी कापली, की साहेब बूट काढून गवतावरून चालले. त्यांनी विचारलं, हे यंत्रानं केलं? मी हो म्हणालो. जमुना पाच हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं गाठोडं बांधलं आणि तुमच्याकडे निघून आली. भाऊ, चांगली भांडली असती तर बरं होतं.

बाकी सर्व ठीक. मोठ्यांच्या पाया पडतो, पोरांना माझी आठवण सांगा.

तुमचा,
नत्थुजी

ता. क. जमुनाला पाठवा. चूक माझीच. भाकर मला थापता येते, तेव्हा पोटाची गोष्ट नाही. तिच्यावाचून त्या खोलीत शिरवत नाही. एवढं तिला मोठ्यानं वाचून दाखवा.

आणखी ता. क. हे मात्र मनात वाचा. काल साहेबांना सगळं खरं सांगून टाकलं. ते पोट धरून हसले, आणि हेडमाळ्याची जागा जमुनाच्या नावानं केली. मी तिच्या हाताखाली. येत्या सोमवारी ती हजर नसली तर दोघांचीही कायमची सुट्टी. हे तिला आधी कळलं तर म्हणेल, "पाहा, नोकरीसाठीच बोलावून राहिले!" मी साहेबांपुढे कबूल केलं, एवढंच तिला सांगावं असं फार वाटतं हो. पण ते सांगितलं की पुढचंही सांगावं लागतं.