मिनिट अकरा: रत्ना चुकेल

१० फेब्रुवारी, सोमवार
पत्र आलं. २५ तारखेला विस्तार अधिकारी माझा इंग्रजीचा आदर्श पाठ बघायला येणार. पाठ पसंत पडला तर जूनमध्ये भोरच्या शिबिरात भोर-वेल्हे दोन्ही तालुक्यांच्या शिक्षकांना मी शिकवणार. पसंत पडणारच. १९९० साली इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली या वेल्ह्याच्या डोंगरात मी एकटीच.
संकल्प: पाठाचं टाचण मिनिटामिनिटाचं लिहायचं. नशिबावर काही सोडायचं नाही.

११ फेब्रुवारी
टाचण झालं. विषय प्राणी. मिनिट ० ते ३: गुड मॉर्निंग, शिक्षकाचं हास्य. ४ ते १०: चित्रकार्डं. ११: एक मूल चुकेल. १२: शिक्षक प्रेमाने सुधारेल. १४: तेच मूल बरोबर उत्तर देईल, टाळ्या.
चूक सुधारताना शिक्षक उठून दिसतो. हल्लीच्या डी.एड.वाल्यांना हे कळत नाही.
चुकणार कोण? चौथीत पोरं सात. सहाजण भलतंच काहीतरी चुकतील. ठरलेली चूक ठरलेल्या वेळी फक्त रत्ना करेल. तिला सगळं येतं.

१४ फेब्रुवारी
सराव. शेळीचं कार्ड दाखवलं की रत्नाने 'डॉग' म्हणायचं. चारदा 'गोट' म्हणाली. घरी चाळीस शेळ्या, दुसरं सुचतच नाही. बरोबर उत्तराबद्दल तासभर उभी केली. पाचव्यांदा जमलं.
मग विचारते, "बाई, मंग खरं कवा सांगायचं?"
मी मान डोलावली की, म्हटलं. फार प्रश्न विचारते.

१८ फेब्रुवारी
रत्नाची आई बनाबाई आली. वाडीतली शाळा चौथीपर्यंतच. पुढे पोरीला भोरच्या वसतिगृहात घालावं की शेळ्यांमागे धाडावं, तिचं ठरत नाही. पोरीला डोकं आहे का, एवढंच सांगा, तुम्ही म्हणाल तसं करते, म्हणाली.
मला कार्डं लॅमिनेट करायला वेल्ह्याला जायचं होतं. म्हटलं, २५ ला पाठाला या, स्वतःच बघा. पालक-सहभागाचा रकानाही भरतो.

२० फेब्रुवारी
मुख्याध्यापक गोरख सर (वय माझ्या मुलाएवढं) टाचण वाचून म्हणाले, "मॅडम, पोरं आपणहून चुकतात की. चूक पाठ करून कशाला घेता?" शिवाय तिची आई येणार, दुसरं कुणी घ्या, म्हणाले.
टाचण पेनाने लिहिलंय, म्हटलं.

२५ फेब्रुवारी, दुपारी ३
पाठ उत्तम. साहेब तासभर उशिरा आले, हा त्यांचा दोष.
मिनिट ११. रत्ना खणखणीत 'डॉग' म्हणाली. सरावातही इतकं छान नव्हतं. वर्ग हसला, साहेबही हसले. मागे बसलेल्या पालकांना कळावं म्हणून मी मराठीत म्हटलं, "अगं, घरच्या शेळीला कुत्रा म्हणतेस?" हे टाचणात नव्हतं. ऐनवेळी सुचलं.
मिनिट १२, चहा आला. मिनिट १३, साहेबांना फोन आला, ते गाडीत बसले. रत्ना माझ्या मानेकडे बघत उभी. साहेबच नाहीत तर मिनिट १४ कुणासाठी? तास संपवला.
बनाबाई डोक्यावरचा पदर सारखा करून उठून गेली. शिस्तीची बाई.

२७ फेब्रुवारी
गोरख सरांनी निरोप आणला. बनाबाई वाडीत सांगते आहे, घरची शेळी वळखंना, ती भोरला जाऊन काय दिवं लावनार. सर म्हणाले, आजच जाऊन तिला खरं सांगा.
आज सांगितलं तर पाठ बसवलेला होता हे साहेबांपर्यंत जाईल. आधी निवड होऊ दे. पोर कुठे पळून जाते आहे?

३ एप्रिल
निवडीचं पत्र नाही. रत्ना आठवडाभर शाळेत नाही. नेमकी आता, मी कामात असताना.

१४ मे
व्हॉट्सॲपवर शिबिराची यादी आली. माझं नाव आहे. प्रशिक्षणार्थी, क्रमांक ४३. पाठावरचा शेरा: 'विद्यार्थ्यांची तयारी कमी.'
साहेबांना इंग्रजी येत नसावं.
आता बनाबाईला खरं सांगायला हरकत नाही. मी सत्याला कधीच घाबरले नाही. ऊन उतरलं की जाईन.

३० मे, शुक्रवार
वसतिगृहाच्या अर्जाची उद्या शेवटची तारीख. गोरख सरांनी अर्ज भरून दिला, फक्त आईचा अंगठा हवा. सुट्टी असून भोरच्या घरून दोन एस.टी. बदलून आले, वर दीड तास चढ. माझ्या वयाचं दुसरं कुणी गेलं नसतं.
बनाबाईने घोंगडं अंथरलं. मी सगळं क्रमाने सांगितलं: चूक मी पाठ करून घेतली होती, पोरीला सगळं येतं. तिने ऐकून घेतलं. मग रत्नाला विचारलं, बाई म्हणत्यात ते खरं का.
रत्नाने माझ्याकडे पाहिलं. मी मान कधी डोलावते, याची वाट पाहत असावी. मी तेव्हा ताक पीत होते.
बनाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. माज्या पोरीची लाज झाकाया तुमी सवताच्या अंगावर घेताय. येवढ्या उनाचं चढून आलात. अशी बाई मिळाया नशीब लागतं."
आणि माझ्या पाया पडली. रत्नालाही पडायला लावलं.
इतक्या मानाने माझ्याशी बऱ्याच वर्षांत कुणी वागलं नव्हतं. अशा वेळी पर्समधून कागद काढणं बरं दिसलं नसतं.