दोन बुटक्या मोटारी

ती. मायच्या पायावर डोकं ठेवतो.

मी बरा हाय. इंग्लंडात ज्या म्हाताऱ्या साहेबांना मी सांभाळतो, त्यांना शर्यतीतल्यावानी पळणारी मोटार घ्यायची होती. दुकानात दोन कंपन्यांच्या बघितल्या, एक लोटस, एक मॉर्गन. दोन्ही लई बुटक्या. दिवसभर त्यांना उचलून हिच्यात बसवलं, तिच्यात बसवलं, परत काढलं.

शेवटी म्या म्हणलं, "मॉर्गन घ्या. उठायला सोपी पडंल."

"उचलायला तू आहेस की," म्हणत त्यांनी लोटस घेतली.

कंबर जरा धरलीय, बाकी काही न्हाई. जेवून झोपतो आता.

आपल्या म्हाताऱ्या दादांना मांजरसुंब्याच्या दवाखान्यात नेताना जीपमधी कोण चढवतं? तू एकटीनं उचलू नको, शेजारच्या बंकटला हाक मार. दादा आता लई हलके झाले असतील, न्हाई का गं?

तुझा,
अंगद